तिन्हीसांजेचं खोकं

अक्का मला आवडत नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे तिच्याबद्दल एखादं बरं वाक्य आलं तर ते नजरचुकीने आलं असं समजता येईल. ती माझी घरमालकीण. एचएसआर लेआउटमधल्या तिच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे, जाहिरातीत तिला पेंटहाऊस म्हटलं होतं. त्या खोलीत मी सव्वादोन वर्षं राहतेय. गल्लीतले सगळे तिला अक्का म्हणतात म्हणून मीही म्हणते. तोंडावर 'तुम्ही', इथे 'ती'.

दोघी मराठी, म्हणून तिने मला खोली दिली आणि पहिल्याच आठवड्यात आम्हा दोघींना त्याचा पश्चात्ताप झाला. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. तिच्या बोलण्यात कन्नड इतकं मिसळलंय की अर्धं मला अंदाजाने घ्यावं लागतं. माझी मराठी पुण्यातल्या इंग्रजी शाळेतून वाचून उरलेली. एकदा ती म्हणाली, "एकोणतीसला टाकी धुणार, पाणी भरून ठेव." मी विचारलं, "म्हणजे ट्वेंटी-नाइन ना?" ती वळली आणि जिना उतरता उतरता पहिल्या मजल्यावरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुण्याची म्हणे! एकोणतीस कळत नाही."

मी सहसा गप्पच राहते. नंतर खोलीत बसून उत्तरं तयार करते, चांगली धारदार, आणि ती खोलीतच राहतात.

कलंचोचं झाड मी आल्या महिन्यातच घेतलं होतं, रस्त्याकडेच्या नर्सरीतून. जाड मेणचट पानं, कडा कातरलेल्या, आणि वर नारिंगी फुलांचे गच्च झुबके. नर्सरीवाल्याने कुंडी कागदात गुंडाळताना एकच सूचना दिली, "मॅडम, पानी देना भूल जाओ, तभी बचेगा." गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी ते दोन महिने फुललं. मग फुलं वाळली, मी ती कापली, आणि त्यानंतर दीड वर्ष नुसती पानं.

दीड वर्षाने अक्काने कुंडीला पायाने जरासं ढकलून विचारलं, "हे काय पाळलंयस?"

"कलंचो."

"पानफुटी आहे ही. रानात ढीगभर उगवते. गच्चीवर नुसतं पानांचं झाड नक्को मला, जागा अडते. संक्रांतीपर्यंत फूल आलं तर ठेव. नाहीतर उचल."

तिथे जागेची अडचण नव्हती. तिची तुळस, तिची कर्दळ, फुटक्या बादल्या आणि कोणाच्याच नसलेल्या दोन खुर्च्या एवढं सगळं मावूनही तिथे क्रिकेट खेळता आलं असतं. पण भाडेकरारात खोली माझी होती, गच्ची नव्हती. झाड बघायला म्हणून मी बाहेर येऊन उभी राहत असे. दिवसभर लॅपटॉपसमोर बसल्यावर तेवढंच आकाश. कुंडी गेली की बाहेर उभं राहायचं कारणच गेलं असतं, आणि तिला ते माहीत होतं.

मग मी इंटरनेटवर शोधलं. कलंचोला कळ्या धरायला मोठी रात्र लागते. सलग चौदा तास अंधार, रोज, सहा आठवडे. मध्येच उजेड पडला तर ती रात्र वाया. लगेच माझी नजर वर गेली. पलीकडच्या घरातल्या नळाच्या तोट्या चोरीला गेल्यापासून अक्काने गच्चीवर पांढरा एलईडी लावून घेतला होता. अंधार पडला की तो आपोआप लागायचा आणि उजाडेपर्यंत जळायचा, बरोबर माझ्या कुंडीच्या डोक्यावर. दीड वर्षात त्या झाडाने रात्र पाहिलीच नव्हती.

ही गोष्ट तिला सांगायला हवी होती. एक वाक्य पुरलं असतं. मी ते सांगितलं नाही. मिक्सरचं एक रिकामं खोकं घेतलं, त्याच्या धरायच्या भोकांवर काळी टेप चिकटवली, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता ते कुंडीवर पालथं घालू लागले. आमची टीम सिंगापूरच्या वेळेवर चालते, त्यामुळे मी पाचला मोकळी असते. सकाळी सातला खोकं काढायचं, लॅपटॉप उघडायचा.

तिसऱ्या सकाळी खोकं बाजूला पडलेलं. मला वाटलं वारा. त्या संध्याकाळी वर वीट ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं बाजूला, आणि वीट भिंतीला टेकून नीट उभी केलेली. वारा एवढा टापटिपीचा नसतो.

मग मी संध्याकाळी सहा वाजता खिडकीच्या पडद्याआड उभी राहिले. अक्का तुळशीपाशी दिवा लावायला वर आली. दिवा लावला, हात जोडले, वळली. वीट उचलली, खोकं उचललं, भोकांवरची टेप नखाने सोलून काढली. तांब्यातलं तुळशीला घालून उरलेलं पाणी माझ्या कुंडीत ओतलं, सगळंच्या सगळं, आणि पदराला हात पुसत खाली गेली.

मी बाहेर गेले, टेप पुन्हा लावली, खोकं पुन्हा ठेवलं. सकाळी ते पुन्हा बाजूला होतं. टाकी बघायच्या निमित्ताने ती झोपण्याआधी एक चक्कर मारते, तेव्हा काढत असणार.

असे आमचे वीस-बावीस दिवस गेले. या काळात आम्ही एकमेकींना जिन्यात भेटत होतो. ती "जेवलीस?" विचारायची, मी "हो अक्का" म्हणायचे. खोक्याचा विषय दोघींनी काढला नाही. मी आणखी एक वीट वाढवली. तिने दोन्ही विटा तिच्या कर्दळीच्या कडेला रोवून टाकल्या. मी खोक्याला दोरी बांधली. तिने ती कापली नाही, सोडवली आणि गुंडाळी करून माझ्या दाराच्या कडीला अडकवली. ती गुंडाळी बघून मला इतका राग आला की सकाळच्या मीटिंगमध्ये माझं नाव दोनदा पुकारावं लागलं.

इथे एक गोष्ट कबूल करते. माझ्या खोलीत कपाट आहे. त्याचा खालचा खण रिकामा होता. कुंडी पाच वाजता त्यात ठेवून दार लावलं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. हे मला पहिल्या आठवड्यातच सुचलं होतं. पण मला ते झाड तिच्या गच्चीवर, तिच्यासमोरच झाकायचं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी पडद्याआड थांबले नाही. ती दिव्याआधीच खोक्याला हात घालणार तेवढ्यात दार उघडून बाहेर आले.

"काय गे," ती म्हणाली, जशी काही माझीच वाट बघत होती, "जीव घेतेस काय त्याचा?"

"नाही अक्का, ॲक्च्युअली त्याला..."

"ॲक्च्युअली काय? तिन्हीसांजेला लोक दिवा लावतात, दार उघडं ठेवतात. लक्ष्मी यायची वेळ. आणि तू माझ्या तुळशीसमोर जिवंत झाड कोंडतेस. रोज!"

हे मला खरोखर सुचलं नव्हतं. मी पाच वाजता झाकत होते कारण पाच आणि चौदा मिळून सकाळचे सात होतात. आमच्या घरी संध्याकाळी दिवा लागायचा तो आई कामावरून आल्यावर, कधी साडेआठला.

"त्याला अंधार लागतो," मी म्हणाले.

"अंधार? झाडाला? अय्यो! हेच शिकवलं काय इंग्लिश शाळेत?"

"फुलासाठी लागतो."

"माझ्या आईने अंगणभर कुंड्या फुलवल्या. एकीवर टोपी नाही घातली. स्वल्प पाणी घाल, स्वल्प ऊन दाखव, येतं फूल."

"तुम्ही स्वल्प घालत नाही. तांब्याभर घालता. ते सडेल."

माझा आवाज चढला होता. तिने माझ्याकडे पहिल्यांदाच भाडेकरूकडे बघतात तसं न बघता नीट बघितलं. मग खोक्याची एक बाजू धरून वर उचलू लागली. मी दुसरी बाजू धरली. खोकं तिरकं झालं, आतली कड फांदीत अडकली आणि भेंडी मोडावी तसा आवाज झाला.

सगळ्यात मोठी फांदी खाली पडली होती.

"मोडलीस," ती म्हणाली.

"तुम्ही ओढलंत."

"सरी, बरोबर. मीच ओढलं. मीच कोंडलं, मीच मोडलं." वाकून तिने फांदी उचलली, पदरात घेतली आणि खाली गेली. त्या दिवशी दिवा लावायचा राहिला. म्हणजे तोही माझ्यामुळेच राहिला, असं तिने दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावर सांगितलं.

खोकं मी पुन्हा ठेवलं नाही. ठेवून उपयोगही नव्हता. खालची पानं पिवळी पडून पाणचट झाली होती, बोट लावलं की गळायची. कुंडी उपसली तर बुंधा काळा, मुळं कुजलेली, ओल्या कणकेसारखा वास. वरचा एक बोटभर शेंडा तेवढा टणक होता. तो कापला, चार दिवस सुकवला, चहाच्या कपात रेती घालून खोचला आणि खोलीत ठेवला. रिकामी कुंडी टाकीशेजारीच राहू दिली. संक्रांतीपर्यंत मुदत होती ना.

संक्रांतीला सकाळी अक्का एळ्ळूची पुडी घेऊन वर आली. इथल्या पद्धतीचे तीळ, शेंगदाणे, खोबरं, गुळाचे खडे. ते देताना गोड बोलायचं म्हणून सांगतात, ते काही तिने सांगितलं नाही. तिने रिकाम्या कुंडीकडे पाहिलं.

"उचल आता," ती म्हणाली. "आणि खाली ये. दाखवायचं आहे."

जिन्याखाली जिथे तिची स्कूटर असते तिथे तेलाच्या पत्र्याच्या डब्यात ती फांदी उभी होती. चार-पाच फुलं उमललेली, बाकी कळ्याच कळ्या, टोकं नारिंगी. भिंतीवर होल्डर होता, त्यातला बल्ब गेल्याला वर्ष झालं होतं. भाडेकरू सांगून थकले तरी ती बदलत नव्हती. थंडीतली लांब रात्र तिथे पूर्ण काळी असायची.

"बघ," ती म्हणाली. "तुझ्या झाडाला माझ्याकडे आलं फूल. खोकं नाही, बिकं नाही."

"इथे अंधार आहे म्हणून आलं," मी म्हणाले. "गच्चीवरचा दिवा बंद केला असतात तर माझ्याकडेही आलं असतं."

ती थांबली. डब्याकडे पाहिलं, मग वर होल्डरकडे. तिला कळलं, हे मला दिसलं.

"मग सांगायचं नव्हतं? तोंड नाही तुला?"

"सांगितलं असतं तर केला असता बंद?"

तिने खरंच विचार केला, तेवढं मानायला हवं. "नसता केला," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी रिकामी कुंडी उचलून खोलीत आणली. गच्चीवर माझं आता काही नाही. बाहेर उभं राहायचं झालं तर कोरमंगलाला जाऊन कॉफी घेते आणि फुटपाथवर उभी राहते.

डबा मात्र जिन्याखालीच आहे. येता-जाता मला दिसावा म्हणूनच तिने तिथे ठेवलाय अशी माझी खात्री आहे. तो दोन महिने फुलला. मार्चमध्ये झुबके तपकिरी झाले. वाळलेले दांडे कापायचे असतात, नाहीतर झाड त्यांनाच धरून बसतं. पाणी तोडायचं असतं. ती रोज तांब्याने घालतेय. बुंध्याशी दोन पानं पाणचट झालीत, मी परवाच पाहिली.

काल सुट्टीच्या दिवशी मी हेल्मेट काढत जिन्यापाशी आले तर ती डब्यासमोर उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"काय गे," ती म्हणाली, वळून न बघता, "हे वाळलं सगळं. आता काय करायचं असतं याचं?"

वर माझ्या कपाटाच्या खालच्या खणात चहाचा कप होता. शेंड्याला मुळं फुटून नवी चार पानं आली होती. पाचला कपाटाचं दार लावायचं होतं आणि पाचला दहा मिनिटं कमी होती.

"माहीत नाही, अक्का," मी म्हणाले, आणि जिना चढले.