मावशीला कुणी धरलं होतं

आमच्या चर्चमध्ये माझ्या मावशीनं किती पोरं बाप्तिस्म्याच्या कुंडावर धरली, ते तिलाही सांगता यायचं नाही. सुतार तिचा, त्याची बायको तिची आणि त्यांची तिन्ही मुलंही तिचीच. मी तिचा नाही, कारण तेव्हा ती स्वतःच शाळेत होती. माझी मुलगी मात्र तिची. गॉडमदर म्हणून कुणी दुसरं नाव काढलं, तर लोक विचारायचे, "का, मावशी आजारी आहे का?"

ती शिवणकाम करायची. रस्त्याकडेच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, बटणांचे डबे आणि खिळ्याला टांगलेलं एक पांढरं झबलं. गावातली बहुतेक मुलं त्या एकाच झबल्यात बाप्तिस्म्याला गेली. पोराच्या अंगाप्रमाणे ते आत घ्यायचं नाहीतर उसवून सैल करायचं काम मावशीचं. शिवाय दर गुरुवारी चर्चमागच्या खोलीत धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायची. उत्तर चुकलं की पट्टी टेबलावर आपटायची, पोरावर नाही.

जुने फादर वारले आणि त्यांच्या जागी तरुण फादर आले. गेल्या महिन्यात माझ्या नातवाचा बाप्तिस्मा ठरला. आदल्या संध्याकाळी फादरांनी माझ्या मुलीला, जावयाला, मावशीला आणि मला ऑफिसात बोलावलं. दुसऱ्या दिवशी कुणी कुठे उभं राहायचं, हे त्यांनी समजावून सांगितलं. काम संपलं होतं. निघताना त्यांनी सहज, आपुलकीनं विचारलं, "मावशी, तुम्ही एवढ्यांना धरलंत. तुम्हाला कुणी धरलं होतं?"

मावशी हसली.

"आठवत नाही हो," ती म्हणाली. "मामाला विचारते."

मामा म्हणजे माझ्या आईचा आणि मावशीचा मामा, त्या पिढीतला शेवटचा माणूस. तो आमच्या स्वयंपाकघरात कांदे सोलत बसला होता. शेजारी माझी आई.

"तुला?" मामा म्हणाला. "तुझ्या काकूनं नेलं होतं ना."

"काकू म्हणायची, मामानं नेलं."

"मी कशाला नेतोय?" मामाचा सुरीचा हात थांबला. "तू झालीस तेव्हा इथे फादरच नव्हते. तुझी आई म्हणाली, नवे आले की करू. मग ती बिचारी गेली. काकू तुला आपल्याकडे घेऊन गेली. मला वाटलं, तिनं उरकलं असेल."

"तिला वाटलं, तू उरकलंस."

चुलीवर काहीतरी उतू जात होतं, पण कुणी उठलं नाही. शेवटी आई म्हणाली, "अगं, पण तुझं लग्न झालं की चर्चमध्ये. बाप्तिस्म्याचा दाखला लागला असेल."

"मागितला कुणी?" मावशी म्हणाली.

खरंच कुणी मागितला नव्हता. जुन्या फादरांच्या अंगाखांद्यावर ती वाढलेली. तिच्याकडे दाखला मागायचा, म्हणजे घरच्या माणसाला दारात नाव विचारायचं.

म्हणजे मावशीचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. ते खरं असेल तर तिनं धरलेल्या पोरांचं काय, हे कळेना. मी म्हटलं, "उद्याचं होऊन जाऊ दे. मग शांतपणे बघू." मामानं मान डोलावली. मावशी घरी गेली. मुलीनं नंतर सांगितलं, ती गेल्या गेल्या झबल्याला इस्त्री करत बसली होती.

रविवारी चर्च भरलं होतं. मावशी नातवाला घेऊन कुंडापाशी उभी राहिली. फादरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुमच्या बाप्तिस्म्यात दिलेल्या वचनाला तुम्ही जागता का?" याला ती दर वेळी 'होय' म्हणायची. ती 'होय' म्हणाली नाही. फादरांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"मी वचन दिलेलंच नाही, फादर," मावशी म्हणाली. "माझा बाप्तिस्मा झालेला नाही. काल कळलं."

सुतार हसला. मावशी गंमत करतेय असं त्याला वाटलं. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. मग सुताराची बायको अर्धवट उठून म्हणाली, "म्हणजे माझी तिन्ही पोरं?"

"पोरांचं सगळं ठीक आहे," फादर म्हणाले. "बाप्तिस्मा धरणाऱ्यामुळे होत नाही." मग त्यांनी बाळाकडे पाहिलं. "पण आज बाळाला दुसऱ्या कुणीतरी धरावं लागेल."

माझी मुलगी पुढे सरकली. "फादर, आधी हिचं करा ना. आत्ताच. मग तीच धरेल."

"मोठ्या माणसाला आधी वर्ग करावा लागतो. वर्षभर."

"वर्ग तर तीच घेते," सुतार म्हणाला.

फादरांनी नकारार्थी मान हलवली.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "आम्ही वर्षभर थांबतो."

"अगं, जेवायला माणसं आलीयत," तिची सासू पुटपुटली.

"कुणी थांबायचं नाही," मावशी म्हणाली. आवाज वर्गातला. "माझी आई थांबली म्हणून माझं हे झालं. पोराला आजच पाणी पडू दे. त्याची आत्या कुठाय?"

आत्या म्हणजे जावयाची बहीण. कपड्याच्या दुकानात काम करते, पोरांना लांबूनच टाटा करते. ती पुढे आली आणि तिनं ट्रे घ्यावा तसे दोन्ही हात सरळ धरले.

"असं नाही गं बाई. पडेल ते." मावशीनं तिचा कोपर वाकवला आणि बाळाचं डोकं त्यात ठेवलं. आपला हात तिनं खालून सावकाश, अगदी शेवटी काढून घेतला. मग ती पायरी उतरून आमच्या शेजारी येऊन उभी राहिली.

फादरांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. आत्या कसंबसं 'होय' म्हणाली. बाळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे मावशीकडे बघत होते. पाणी पडलं आणि पोर किंचाळलं. त्याबरोबर मावशीचे दोन्ही हात पुढे आले. तिनं ते मागं घेतले आणि पदरात गुंडाळले.