खरकटी काथवट

विटांच्या भट्टीत पाव कसा भाजतात हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला आधी कौतुक वाटलं ते त्या रचनेचं. चव नंतर कळली. जिथे पाव ठेवायचे त्याच जागी आधी लाकडं पेटवायची. निखारे झाले की ते बाहेर ओढायचे, ओल्या फडक्याने भट्टीचा तळ पुसायचा आणि विटांत साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे. आधी राय नावाच्या धान्याचे जड पाव, ते निघाले की गोड पदार्थ, मग राजम्याचं मडकं, आणि विटा कोमट झाल्या की वाळवायला सफरचंदाच्या चकत्या. मी कॅनडात, ग्वेल्फला अन्नविज्ञान शिकते. आमच्या प्रयोगशाळेत तापमान स्थिर ठेवण्यासाठी केवढी यंत्रणा राबते. इथे तापमान उतरत जाणार हे गृहीत धरून, त्या उतरणीच्या प्रत्येक टप्प्याला एकेक काम नेमून दिलेलं होतं.

ही भट्टी आहे शहराबाहेरच्या एका वस्ती-संग्रहालयात. पेनसिल्व्हेनियातून घोडागाड्यांत संसार भरून उत्तरेला आलेल्या जर्मन कुटुंबांची घरं, लोहारशाळा, विणकराची खोली आणि पावघर तिथे मूळ रूपात जपलं आहे. उन्हाळ्यापासून ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत आम्ही स्वयंसेवक लांब घागरे आणि पांढऱ्या टोप्या घालून त्या काळातली कामं करून दाखवतो. मी गेले ते नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून. टिकले ते त्या माणसांच्या हिशेबी शहाणपणामुळे. चुलीतली राख ते साबणासाठी साठवत, मेंढीच्या अंगावरून निघालेली लोकर त्याच घरातल्या माणसाच्या अंगावर चढेपर्यंत घराबाहेर जात नसे, आणि एकाचं कोठार उभारायचं तर आख्खी पंचक्रोशी हातोडे घेऊन हजर होई. वाया घालवणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि या अडचणीतून त्यांनी एक नेटकी पद्धत घडवली होती.

मला तिथे नेलं माझ्या घरमालकीणबाईंनी. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहते आणि त्यांना काकू म्हणते. काकू मूळच्या कोल्हापूरच्या, इथे आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली. इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. निवृत्तीनंतर त्या संग्रहालयात लोकर पिंजायला बसत, पण जीव सगळा पावघरात.

"आयुष्यभर लोकांना झोपवलं," त्या म्हणत. "आता जरा काहीतरी फुगवून बघते."

पावघर ज्यांच्या ताब्यात होतं त्या बाई अशाच एका जर्मन कुटुंबातल्या. आधी शाळेत शिकवायच्या, म्हणून आम्ही दोघी त्यांना आपसात मास्तरीणबाई म्हणायचो. या थँक्सगिव्हिंगनंतर त्या मुलीकडे पश्चिम किनाऱ्यावर कायमच्या राहायला जाणार होत्या. भट्टी सांभाळायला कुणी मिळालं नाही तर तिच्यात आग पेटणार नाही, हे व्यवस्थापकांनी आधीच सांगून टाकलं होतं. मग आत एक दिवा लावून प्लास्टरचे पाव मांडायचे. काकूंनी उन्हाळाभर मास्तरीणबाईंच्या हाताखाली काम केलं ते याचसाठी. थँक्सगिव्हिंगच्या रविवारी सगळं भाजकाम एकट्या काकूंनी करायचं आणि ते पाहून मास्तरीणबाई आपलं मत देणार, असं ठरलं होतं. भट्टी पेटती राहणार की नाही, ते त्या मतावर होतं.

काकूंचं एकच दुखणं होतं, पीठ मळायचं लाकडी भांडं. लांबट, खोल, वर झाकण. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याला काथवट म्हणून टाकलं, आणि त्यांच्यामुळे मीही. ही काथवट कधीच धुवायची नाही, लोखंडी पट्टीने नुसती खरवडायची, असा तिथला नियम. कोपऱ्यांत सुकलेल्या पिठाचे थर.

"खरकटी काथवट झाकून ठेवायची म्हणजे काय गं," काकू मला मराठीत म्हणाल्या.

मास्तरीणबाईंचे कान तिखट. "डॉक्टर, तो शब्द काय होता?"

"खरकटं. अन्न लागलेलं आणि धुवायचं राहिलेलं भांडं."

"म्हणजे घाण?"

"घाण नाही. घाणीचं मी बघून घेईन. खरकटं म्हणजे… त्याला हात लागला की हात धुवायचा. ते घरात तसंच ठेवून झोपायचं नाही."

"आमच्याकडे ते झाकून ठेवतात," मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि छान झोप लागते."

काकू हसल्या, पण त्यांची नजर कोपऱ्यातल्या थरांवरून हटली नाही.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मास्तरीणबाई सामानाच्या आवराआवरीसाठी घरीच होत्या आणि माझी प्रयोगशाळेत पाळी होती. त्या दिवशी भाजकाम नव्हतं; पावघर एकट्या काकूंनी बंद केलं. संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. जेवायला मला वर बोलावलं, आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "आज काथवट लख्ख केली. सोडा घालून, कढत पाण्याने. उद्या सणाचा दिवस, माझा पहिला दिवस. सणाच्या आदल्या दिवशी भांडी घासल्याशिवाय मला चैन पडतं होय? कोपऱ्यात पिठाखाली एक गोळा वाळत पडला होता, तो कोंबड्यांना टाकला."

माझा घास हातातच राहिला. "काकू, पाव फुगवायचं आंबवण कुठे ठेवलेलं असतं?"

"फळीवरच्या मातीच्या बरणीत."

"बरणीत आंबट दूध असतं. त्या मऊ, जाड बिस्किटांसाठी."

त्यांनी डाव खाली ठेवला. पुढचं मला सांगावं लागलं नाही. आपल्या घरी विरजण वेगळ्या भांड्यात राहतं आणि ते तयार दह्यातून काढता येतं. दही लागल्यावरही जिवंत असतं, त्यामुळे उद्याचं बी आजच्या वाडग्यातच सापडतं. पावाचं तसं नाही. भाजलेल्या पावात जिवंत काही उरत नाही, म्हणून मळतानाच एक गोळा बाजूला काढून, पिठात पुरून, काथवटीतच ठेवायचा. भाजकामाच्या दिवशी सकाळी आम्ही पोचण्याआधीच मास्तरीणबाई तो पिठात कालवत, आणि संध्याकाळी नवा गोळाही स्वतःच ठेवत. तेव्हा काकू कपडे बदलायला गेलेल्या असत. काथवट का धुवायची नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण त्या घरात जन्मलेल्या बाईला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. आणि उभी कारकीर्द निर्जंतुक भांड्यांत वावरलेल्या, सणाला भांडी घासणाऱ्या घरात वाढलेल्या बाईने ती धुतली नसती तरच नवल. त्या आंबवणाचा नमुना मी प्रयोगशाळेसाठी दोनदा मागितला होता. "ते पावासाठी आहे," असं म्हणून मास्तरीणबाईंनी दोन्ही वेळा नाकारला होता. म्हणजे ते जगात दुसरीकडे कुठेही उरलेलं नव्हतं.

माझं डोकं अशा वेळी लगेच पर्याय मांडू लागतं. "ग्रोसरीतून यीस्ट आणू," मी म्हटलं. "आत्ता पीठ भिजवलं तर सकाळपर्यंत व्यवस्थित फुगेल. थोडं दही घातलं तर आंबटपणाही येईल. दिसण्यात फरक पडणार नाही."

"चवीत?"

"त्यांना कळेल. बाकी कुणाला नाही."

काकू पाणी प्यायल्या. "टेबलावर पेशंट असताना माझ्या हातून काही चुकलं, तर मी पहिल्यांदा काय करायचे माहीत आहे? सर्जनला मोठ्याने सांगायचे. मग उपाय. उलट क्रम चालत नाही."

"इथे कुणाचा जीव जात नाहीये, काकू."

"गेलाय की. कोंबड्यांच्या पोटात."

रविवारी आम्ही वेळेआधीच पोचलो. मास्तरीणबाई घागऱ्यावर जाड कोट चढवून पावघराच्या दारात उभ्या होत्या. काकूंनी गाडीतून उतरताच, गुड मॉर्निंगही न म्हणता, सगळं सांगितलं. कारणं दिली नाहीत. मास्तरीणबाई आत गेल्या, आणि काथवटीच्या कोपऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"माझ्या आईकडून आलेलं होतं ते," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे तिच्या सासूकडून."

"मला ठाऊक आहे."

"मी चिडलेली आहे, डॉक्टर. आज दिवसभर चिडलेली असेन."

"खुशाल असा. भट्टी पेटवू का?"

मास्तरीणबाईंनी काकूंकडे पाहिलं. मला वाटलं, आता कुलूपच लागणार. "कशासाठी? पाव तर नाहीत."

"आंबवण गेलं म्हणून त्या काळातलं घर उपाशी राहिलं असतं का? बरणीत आंबट दूध आहे, राखेतून काढलेला क्षार आहे. बिस्किटं होतील. मग राजमा. सफरचंदं मी कापून आणलीच आहेत."

मास्तरीणबाई बाकावर बसल्या. काकूंनी लाकडं रचली.

त्या दिवशीचं काकूंचं काम मी बारकाईने पाहिलं. निखारे नेमक्या वेळी ओढले गेले. मूठभर पीठ भट्टीत भिरकावून ते किती वेगाने तांबूस होतं यावरून त्यांनी उष्णता जोखली, आणि बिस्किटं लाकडी फावड्यावरून अशी सरकवली की एकही वाकडं बसलं नाही. मी त्यांना नेहमी स्वयंपाकघरात पाहिलं होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी त्या कशा उभ्या राहत असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

गर्दी झाली तशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "पाव कुठे आहेत? मी दरवर्षी पावासाठी येतो."

"आंबवण मी कोंबड्यांना घातलं," काकू म्हणाल्या.

लोक हसले. त्यांना तो नाटकाचा भाग वाटला.

"खरंच घातलं," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे भांडं असं ठेवत नाहीत. मी ते धुतलं."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?" म्हातारा म्हणाला.

"कोल्हापूर. आणि पन्नास वर्षं ग्वेल्फ. पण हात कोल्हापूरचेच राहिलेत, असं काल कळलं."

"माझी पणजी स्कॉटलंडहून आली," म्हातारा म्हणाला. "तिने पहिल्या वर्षी मक्याचं पीठ डुकरांना घातलं म्हणतात. तिला वाटलं, हे जनावरांचंच खाणं." त्याने बिस्किट उचललं. "हे बरं झालंय. पुढच्या वर्षी पाव करा."

बाकावर मास्तरीणबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढाच.

पावाशिवाय थँक्सगिव्हिंग झाली ही बातमी व्यवस्थापकांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी ते आले तेव्हा मी भट्टीतून सफरचंदाच्या चकत्या काढत होते आणि काकू जमिनीवरचं पीठ झाडत होत्या. व्यवस्थापकांनी मास्तरीणबाईंना सरळच विचारलं, "मग भट्टी बंद करायची ना? या तयार आहेत असं तुम्ही म्हणाल का?"

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तयार नाहीत."

काकूंचा झाडू थांबला.

"मीही नव्हते," मास्तरीणबाई पुढे म्हणाल्या. "पण काथवट का धुवायची नाही, हे आता या प्रांतात यांच्याइतकं कुणालाच कळलेलं नाही. भट्टी यांच्याकडे द्या." मग काकूंकडे वळून, अजूनही न हसता, त्या म्हणाल्या, "नवं आंबवण धरायचं तर बिअरमध्ये घालतात ती हॉप्सची फुलं आणि बटाटे उकळायचे, पीठ घालायचं, झाकायचं नाही, वाट पाहायची. पहिल्यांदा बिघडेल. दुसऱ्यांदाही. मी महिनाअखेरपर्यंत इथे आहे, फोन करा. उद्या नको. उद्या मी अजून चिडलेली असेन."

परतताना काकूंनी घराकडचं वळण सोडून दिलं आणि गाडी बिअर बनवण्याचं सामान विकणाऱ्या दुकानासमोर उभी केली. त्यांनी आजवर दारूच्या थेंबाला स्पर्श केलेला नाही. टोपी काढायची राहिली होती, ती तशीच डोक्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "चल गं. हॉप्स कुठले घ्यायचे ते तूच विचार. मला आत्ता दुकानदाराला काही समजावून सांगायची ताकद नाही."