नकाशात मोनू घरी होता

कौशल्यावहिनींना माझ्या चक्कीचा आवाज सहन होत नाही आणि मला त्यांची बडबड. असं आम्ही दोघंही गावभर सांगत फिरतो. पण चक्की दोन दिवस बंद राहिली की त्याच आधी विचारायला येतात, "भाऊजी, तब्येत बरी हाय ना?" भिंतीला भिंत लागून घरं आमची, भंडारा जिल्ह्यात, सिहोऱ्याहून थोडं आत. त्यांचा नवरा यादोराव माझा जिवाचा दोस्त होता. तो गेला तेव्हा त्यांचा पोरगा मोनू शाळेत होता. वहिनींनी धानाची शेती अंगावर घेतली, रोवणीला बाया लावल्या, त्यांच्यात स्वतः वाकल्या, आणि पोराला आयटीआय केलं. आयटीआय झालेलं पोरगं बांधावर थोडंच बसणार? गेलं हैदराबादला, लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत.

मागच्या उन्हाळ्यात आला होता तेव्हा त्यानं आईच्या मोबाइलमध्ये नकाशा लावून दिला. "माय, हे पाह्य, हा माझा गोल फोटो. मी जिथं जाईन ना, तिथं हा जाईल."

झालं. त्या दिवसापासून वहिनींचा टीव्ही बंद झाला. नकाशातल्या पाट्या मोनूनं मराठीत करून दिल्या होत्या, त्यामुळे चौथी शिकलेल्या बाईला ते परकं शहर तुमसरच्या बाजारासारखं पाठ झालं. मोनू कुठल्या चौकात उभा आहे, कुठल्या पुलाखाली अडकला आहे, सगळं मला चक्कीवर ऐकावं लागे. "भाऊजी, मोनू अजून कामावरच हाय. जेवला नसंल." मी म्हणायचो, "वहिनी, तो फोटो आहे, जेवत नाही." मग त्या माझ्याकडे असं पाहत, की चक्कीचा पट्टा फिरवण्यातच शहाणपण होतं.

पोरगंही काही कमी नव्हतं. तिकडे खोलीवर बसून ते आमचं गाव नकाशात भरत असे. बोडी म्हणजे आमचं लहानसं तळं, देवीचं ठाणं, शाळेमागचं मोहाचं झाड, यादोरावनं बांधलेला पार. एकेक जागा टाकायची आणि गावाच्या ग्रुपवर पाठवायची, "बरोबर जागी आहे का, सांगा." माझी चक्कीही टाकली, नंबरासकट. पुण्याहून कुणीतरी मला फोन करून घरपोच ज्वारीचं पीठ मागितलं, तेव्हा मी मोनूला चार शब्द सुनावले. तो हसला. "काका, मले झोप येत नाही ना, तवा गावात फिरून येतो." मग मी नंबर राहू दिला.

एकदा मात्र बिनसलं. वहिनींनी त्याला फोनवर विचारलं, "काल हॉटेलात काहून गेला होतास? घरी भाजी नव्हती का?" दोन-तीनदा असं झाल्यावर पोरगं वैतागलं. "माय, असं पाळतीवर राहशीन तर मी हे बंदच करून टाकीन." तेव्हापासून वहिनींनी तोंडाला कुलूप लावलं. पाहायच्या सगळं, त्याला बोलायच्या काहीच नाहीत. तो गोल फोटो विझेल, या धास्तीपुढे त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

मग आली मंडई. आमच्याकडे दिवाळी घरातल्यांची आणि मंडई सगळ्यांची. दिवाळी झाली की एकेका गावाची मंडई, म्हणजे जत्राच, भरते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, दुकानं लागतात, रात्रभर नाटक चालतं, आणि ज्याच्या घरी मंडईला पाहुणा नाही त्याच्या घराकडे लोक जरा कीव करूनच पाहतात. मोनूनं आधीच कळवलं होतं की सुट्टी मिळत नाही. वहिनींनी "कामाले खाडा नोको करू" म्हणून फोन ठेवला. त्या वर्षी अनरशांचं दळण आलं नाही. मी विचारलंही नाही.

मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी मी चक्कीचं दार उघडतो, तर वहिनी डोक्यावर टोपलं घेऊन उभ्या. रात्रीतूनच भिजवून वाळवलेले अनरशांचे तांदूळ, तीन दिवस भिजवायला वेळ कुठं होता! "भाऊजी, बारीक काढा." आणि पदराखालून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. मोनूचा फोटो बल्लारशाहच्या पुढे होता.

"येऊन रायला," त्या म्हणाल्या. आवाज असा, जणू मोठ्यानं बोललं तर गाडी थांबेल.

"फोन करा की!"

"करू नका! माही शपथ हाय तुम्हाले. निंगालेल्या माणसाले टोकू नाही."

ही आमच्याकडची रीत. घरातून निघालेल्याला कुठं चाललास म्हणून विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही, काम बिघडतं. यादोराव बैलबाजाराला निघाला तरी वहिनींनी कधी "कुठं" म्हटलं नाही. शिवाय पोरगं न सांगता येतंय, म्हणजे त्याच्या मनात काही असेल. आपण पाहतोय हे कळलं तर पुन्हा रागवेल. मी शपथ मोडली नाही. खरं सांगायचं तर मलाही तो यायला हवा होता.

दिवसभर कामं झाली ती त्या फोटोच्या तालावर. फोटो नागपुरात थांबला तेव्हा वहिनींनी वड्यांसाठी लाखोरीची डाळ वाटली. भंडारा रोड स्टेशन ओलांडलं तेव्हा अंगण सारवलं. तुमसर रोड स्टेशनला उतरून फोटो गावच्या रस्त्याला लागला, तेव्हा वडे तळायला घेतले. मी चक्की लवकर बंद केली आणि ओट्यावर येऊन बसलो. पाहुणा माझाही होता.

उन्हं कलली. फोटो बोडीपाशी आला. देवीच्या ठाण्यापाशी आला. मोनूनंच टाकलेल्या एकेका जागेवरून तो पुढं सरकत होता. वहिनी पाय धुवायला पाण्याचा लोटा घेऊन दारात उभ्या राहिल्या, एका हातात लोटा, एका हातात मोबाइल. फोटो माझ्या चक्कीवर आला, मग त्यांच्या घरावर. वहिनींनी मान वर केली.

दारात अंकुश उभा होता. पलीकडच्या गावचा, मोनूच्याच कंपनीतला.

"काकू, मोनूनं हा फोन पाठवला तुमच्यासाठी. तुमच्या फोनची काच फुटली म्हणे. त्यानं सोतासाठी नवीन घेतला, हा त्याचा जुना." आणि जरा लाजून, "मी माह्यं सिम टाकलं होतं यात. गाडीत गाणे आयकत आलो."

मोनूनं फोन बदलला, पण नकाशा जुन्या फोनलाच धरून बसला होता. अंकुशच्या खिशातून मोनूचा फोटो एवढा रस्ता चालून आला होता.  वहिनींकडे बघायची हिंमत झाली नाही.

त्यांनी मोबाइल कमरेला खोचला. मग लोटा पुढं केला. "पाय धू बाबा. लांबून आला. वडे गरम हायेत."

अंकुश पोटभर जेवला. वहिनींनी आग्रह करकरून वाढलं. तो गेल्यावर मी मोनूला फोन लावला आणि त्याला यथेच्छ झापलं. बिचाऱ्याला काही ठाऊकच नव्हतं. सगळं ऐकून म्हणाला, "मायले द्या." आणि तिला म्हणाला, "माय, माह्यं चुकलं व. जुन्या फोनवरचं आत्ताच बंद करतो, नव्यावर लावून देतो. मंग बराबर दिसीन."

"नोको," वहिनी म्हणाल्या. "आज नोको. मंडई होऊ दे. मंडईचा पाहुणा मधातून उठत नाही."

मंडई झाली. लोकांच्या घरी लेकी-जावई होते, आणि वहिनींच्या नकाशात मोनू घरी होता. जुना फोन देवाच्या कोनाड्यात चार्जिंगला लावून ठेवला होता. तो विझू नये म्हणून त्या नाटकालाही गेल्या नाहीत. माझ्या घरी अनरसे आले. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मोनूला फोन केला. "कर आता." एवढंच. मी तेव्हा त्यांच्या ओट्यावरच होतो. आम्ही दोघं मोबाइलमध्ये पाहत राहिलो. फोटो घरावर होता. मग नव्हता. आणि थोड्या वेळानं तो हैदराबादेत होता.

वहिनींनी बोटानं नकाशा मागे सरकवला. तुमसर, नागपूर, बल्लारशाह, सगळा रस्ता चाचपून पाहिला. फोटो वाटेत कुठंच नव्हता.

"पाहा भाऊजी," त्या म्हणाल्या. "येवाले सारा दिवस लागला. जावाच्या वक्ताले मले फाट्यापर्यंत पोचवाले बी जाऊ नाही देल्लं."