टीव्हीमागचा दिवाळसण

लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. यावलला सासुरवाडीला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी धुळ्याहून टीव्हीवर खेळायच्या गेमचा डबा घेतला. दुकानदार म्हणाला, "साहेब, फॉरेनचा माल. कुठल्याही टीव्हीला लावा." मी त्याच्याही पुढचा. सासरी चपला काढता काढताच जाहीर करून टाकलं, "पाच मिनिटांत लावून देतो!"

लग्न ठरताना मीच हळूच सांगून ठेवलं होतं की मला इलेक्ट्रिकमधलं बरंच कळतं. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, ते पटलं होतं. त्यामुळे आज डबा चालला नाही तर माझं काही खरं नव्हतं.

टीव्ही जुना, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. ॲन्टेनाची वायर काढून डब्याची जोडली, चॅनल जुळवलं, आणि गेममधलं विमान दिसलं. म्हणजे पळताना दिसलं. अख्खं चित्र वर सरकायचं, वरून गायब व्हायचं आणि पुन्हा खालून उगवायचं. आवाज तर नाहीच, नुसती खरखर.

"जावईबुवा, हे असंच राह्यते का?" आबांनी विचारलं.

"डबा परदेशी आहे ना आबा, त्याचा वेग वेगळा. आपल्या टीव्हीला झेपत नाही," मी म्हणालो. हे कुठेतरी ऐकलेलं होतं, आणि नशीब, खरं निघालं.

"घरी यांना बल्ब बदलता येत नाही," बायको आईच्या कानात म्हणाली. कान बराच लांब असावा, कारण सगळ्यांना ऐकू गेलं.

मी टीव्हीच्या मागे घुसलो. तिथे एक बारीक बटण होतं. ते पिळलं आणि पुढून मेहुणा किंचाळला, "दाजी! थांबलं!" मी विजयी मुद्रेने हात काढला. चित्र पळालं. हात लावला, थांबलं. टीव्ही तापेल तसं ते बटण मिनिटामिनिटाला केसभर फिरवावं लागे.

मग काय, मी भिंत आणि टीव्हीच्या मध्ये, आणि पुढे धमाल. आवाज नव्हता म्हणून मेहुणा तोंडानेच गोळ्या झाडत होता, "ढिश्क्यांव!" बायकोला माझी दया आली, तिने समोर आरसा टांगला. त्यात बघून मी ओरडलो, "डावीकडे, डावीकडे!" आरशातलं सगळं उलटं. विमान गेलं.

"दाजी, तुम्ही फक्त बटण धरा."

एवढ्यात मेहुण्याच्या हातातली जॉयस्टिक ओढत आबा म्हणाले, "दे इकडी." आबा केळीच्या बागेत जितके गंभीर, तितकेच गंभीर होऊन बसले, आणि दोन विमानं पाडल्यावर खाटेवर अक्षरशः उड्या मारायला लागले.

सासूबाईंनी हाक मारली, "चला, पाट मांडलाय. ओवाळायचं आहे."

मी हात काढला.

"सोडू नका!" आबा गरजले. "मी मरून राह्यलो इकडी!"

सासूबाई क्षणभर थबकल्या. मग ताट सांभाळत, पदर खोचून, आडव्या होत टीव्हीच्या मागे शिरल्या. जागा नव्हती म्हणून कुंकू कपाळाऐवजी नाकावर लागलं. हात मोकळा नव्हता म्हणून नवं शर्टपीस खांद्यावर टाकलं, अर्धा पेढा तोंडात कोंबला. हसू आवरत नव्हतं त्यांना, आणि मला तर मुळीच नाही. हसताना बटण हललं असावं.

पुढून आबांचा आवाज आला. जावईबुवा विसरून ते म्हणाले, "पोरा, जरासं मागे फिरव. हां... बस, बस. आता हालू नको."

मी पेढा गिळायचाही थांबलो.