सावनीच्या वहीतलं पान

बहारीनच्या हूरा वस्तीतल्या त्या खोलीत सहा माणसं आणि एक राजा राहायचा. राजा म्हणजे रावजी. देवगडकडचे, वय अठ्ठावन्न, इथे चोवीस वर्षं, शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हर. कोणी कुठल्या खाटेवर झोपायचं, जेवण कोणी रांधायचं, दिवा कधी मालवायचा, सगळं रावजी ठरवणार. स्वतः मात्र त्यांनी वीस वर्षांत चुलीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. गावकऱ्यांच्या खोलीत थोरल्याचा शब्द चालतो, तशीच ही रीत. कोणाची ना नव्हती, निदान तोंडावर नव्हती.

मंगळवारी राजांनी फर्मान काढलं. विठ्ठल त्यांच्याच वाडीतला, फरशी कापायच्या कामावरचा. दगडाच्या धुळीने त्याला खोकला जडला होता. सलमानिया इस्पितळाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, लागण होणारा रोग नाही, पण बरा व्हायला महिने लागतील. इतरांची शिफ्ट पहाटे पाचची.

"विठ्ठला, शुक्रवारपर्यंत दुसरी खोली बघ. पोरांक झोप गावत नाय."

"खोकणाऱ्याक कोण खोली देतलो, दादा?"

विठ्ठलने खाटेखालची बॅग ओढली आणि पुसायला घेतली.

बुधवारी दुपारी व्हॅनमध्ये नेहमीप्रमाणे शेवटी सावनी उरली. ती अरादला उतरायची. दहा वर्षांची पोर, घरी आईला इंग्लिशमध्ये उत्तरं देणारी. पण रावजींचं इंग्रजी बेताचं म्हणून त्यांच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायची. रावजींना ते फार गोड लागायचं. गावी त्यांना तिच्याएवढीच नात होती, आणि तिला त्यांनी उभ्या आयुष्यात पाच वेळा पाहिलं होतं.

सावनीला वर्गात अमेरिकेच्या सुरुवातीची गोष्ट सांगायची होती. सराव रावजींवर चालला होता.

"काका, फोर हंड्रेड इयर्स आधी इंग्लंडहून एक शिप निघाली. पण भलतीकडेच पोचली. जिथली परमिशन होती तिथे नाही."

"म्हणजे व्हिसा एकीकडचा आणि उतरले दुसरीकडे."

"हां. मग काही लोक म्हणाले, इथे आमच्यावर कोणाचा हुकूम नाही. सो उतरायच्या आधी त्यांनी एक पेपर लिहिला. रूल्स आपण मिळून करायचे आणि सगळ्यांनी पाळायचे. मग सह्या केल्या."

"राजा नव्हता त्यांना?"

"होता. पण खूप लांब."

"मग मोठ्यांनीच सह्या केल्या असतील."

"काही नोकरांनी पण केल्या. बायकांना विचारलंच नाही. आणि तिथे आधीपासून जे राहायचे, त्यांना पण नाही. नॉट फेअर." सावनी खरंच रागावली होती. "मग हिवाळ्यात अर्धे लोक मेले. एकदा तर फक्त सहा-सात जण उभे होते. त्यांनी बाकीच्यांचं जेवण, कपडे, सगळं केलं."

"आजाऱ्यांना बाहेर नाही काढलं?"

सावनीने थोडा विचार केला. "बुकमध्ये नाही लिहिलं. पण आजारी माणसाला कोण बाहेर काढेल, काका?"

सिग्नल हिरवा झाला तरी व्हॅन हलली नाही. मागच्याने हॉर्न दिला. रावजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

अरादला उतरताना त्यांनी तिच्याकडे वहीचं एक कोरं पान मागितलं.

विठ्ठलला राहा म्हणणं सोपं होतं. पण उद्या पुन्हा डोकं फिरलं, तर जा म्हणणारेही रावजीच. त्यांना आता भीती वाटत होती ती स्वतःचीच.

शुक्रवारी दुपारची जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि पान वाचून दाखवलं. "या खोलीत कोणी राहायचं, कोणी जायचं, हे एकट्याने ठरवायचं नाही. सगळ्यांनी मिळून ठरवायचं. हा नियम रावजीलाही लागू." खाली त्यांची सही होती.

एकेकाने सही केली. पान विठ्ठलकडे आलं.

"मी तर जातंय. माझी सही कित्याक?"

"अजून गेलं नायस. जो खोलयेत असा, तो सही करतलो."

मग रावजींनी विचारलं, विठ्ठलला ठेवायचं का. झोपेची तक्रार सगळ्यात जास्त पहाटेच्या शिफ्टवरच्या कैलासची, आणि तो जमिनीकडे बघत होता. कालपर्यंत एका शब्दात काम झालं असतं. आता तो शब्द त्यांनीच कागदावर काढून दिला होता.

"ठेवया," कैलास शेवटी म्हणाला. "पण त्याची खाट खिडकीकडे घेवया. हवा लागात त्याका." तो जरा अडखळला. "थंय रावजीदादा झोपतत."

सगळ्यांचे डोळे रावजींकडे वळले. पहिला हात त्यांनीच वर केला. मागोमाग बाकीचे हात वर आले. तेवढ्यात धीर चेपलेल्या कैलासने दुसरं सुचवलं, की रांधायची पाळीही सगळ्यांची असावी, आणि तेही हसत हसत मंजूर झालं.

संध्याकाळी पहिली पाळी रावजींची. त्यांनी पेज केली. वाटी घेऊन ते खिडकीपाशी गेले. विठ्ठलने एक घोट घेतला.

"दादा, मीठ ऱ्हवला."

वीस वर्षांत त्यांची चूक तोंडावर सांगणारा हा पहिलाच. रावजी उठले, मिठाचा डबा घेऊन आले, आणि वाटी रिकामी होईपर्यंत त्याच्या खाटेशी बसून राहिले.