अनुमोदक नाथाजी हवालदार

नाथाजी हवालदार ग्रामसभेला निघाले की बनुबाई दारापर्यंत यायची आणि म्हणायची, "आवं, आज तरी भांडू नगा." ते मान डोलवायचे आणि जाऊन भांडायचे. फौजेतून सुटून आल्यावर या माणसाला दुसरा नादच उरला नव्हता. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबर हे त्यांचे सण. बाकीचे सण बनुबाईनं एकटीनं करायचे.

या चार दिवशी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरायची. सरपंच भाऊसो खुर्चीवर, गाव सतरंजीवर आणि नाथाजी उभे. मतदारयादीत नाव असलेला कुणीही उठून जाब विचारू शकतो, हा कायदा देशातल्या सगळ्या गावांना मिळालेला. या गावात तो मनावर घेतला एकट्या नाथाजींनी. टाकी का धुतली नाही, खांबावर दिवा का नाही, आणि सगळ्यात शेवटी, बाजारपेठेची गटार आमच्या दारावरून उघडी वाहते, तिच्यावर फरश्या कधी टाकणार? लोक जांभया द्यायचे, एकमेकांना कोपरानं ढोसायचे, पण उठून जायचे नाहीत. सरपंचाला घाम फुटलेला बघायला कुणाला आवडत नाही? भाऊसोंना उत्तर द्यावंच लागायचं. फौजेत वीस वर्षं 'जी साब' म्हणण्यात गेलेल्या माणसाला आपल्या आवाजानं दुसऱ्याला घाम फुटतो याची चटक लागली होती. ती वाईट चटक होती असं मला वाटत नाही.

मग सरकारनं ठरवलं की तालुक्याच्या गावांना आता ग्रामपंचायत शोभत नाही, नगरपंचायत हवी. वडूज झालं, मेढा झालं. या गावातही वारं शिरलं. भाऊसोंना तर घाईच झाली होती. शहर झालं की निधी मोठा, रस्त्याकडेच्या जमिनीला भाव मोठा. आणखीही एक फायदा होता, पण तो त्यांनी फक्त घरात सांगितला.

पाठिंब्याचा ठराव ग्रामसभेत आला. भाऊसो खुर्चीवरून उठले, सतरंजीवर आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी नाथाजींच्या खांद्यावर हात टाकला.

"हवालदार, ह्या गावात कायदा कळणारा माणूस तुमी एकटं. शहर झालं की पैली गटार तुमच्या दारातली. बंदिस्त! पर ठरावाला अनुमोदन तुमचं पायजे. तुमच्या तोंडाला वजन हाय."

नाथाजी विरघळले. इतकी वर्षं ज्या माणसाला ते घाम फोडत होते, तो आज त्यांच्याकडे वजन मागत होता. ते ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझं अनुमोदन हाय." टाळ्या पडल्या. टाकी, दिवे, खडी, मुरूम, सगळं विचारणाऱ्या या माणसानं एक गोष्ट मात्र विचारली नाही. शहराला ग्रामसभा असते का?

नसते. शहरात वॉर्ड असतात, वॉर्डाचे नगरसेवक असतात, त्यांची सभा असते, आणि त्या सभेत बोलायचं ते त्यांनी. गावानं पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घ्यायची आणि घरी जायचं. हे नाथाजींना कळलं तेव्हा ग्रामपंचायतीची पाटी उतरवून भंगारात गेलेली होती. त्यांच्या वॉर्डात महिला आरक्षण पडलं आणि भाऊसोंची सून अंकिता निवडून आली. भाऊसो स्वतः स्वीकृत सदस्य झाले. शहर झाल्यावर घरपट्टी वाढली, प्लॉट पडले, चौकात कमान उभी राहिली. गटार होती तशीच उघडी राहिली.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी बनुबाई दूध आणायला निघाली आणि गटारीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सळई घातली, पण ती पुन्हा धड उभी राहिली नाही. दाराशेजारच्या खोलीत खाटेवर पडून ती त्याच गटारीचा वास घेत राहिली.

नाथाजी अंकिताकडे गेले. ती दारातच म्हणाली, "मामंजींना इचारा. सह्या तेवढ्या माझ्या असत्यात." भाऊसो म्हणाले, "विषय सभेपुढं यायला पायजे." म्हणून नाथाजी सभेला गेले. इस्त्रीचं जाकीट, छातीवर फौजेची पदकं. सभागृहात मागे लोकांना बसायला बाक होता, त्यावर ते बसले, आणि एक विषय संपताच सवयीप्रमाणे उभे राहिले.

"माझा एक प्रश्न हाय."

मुख्याधिकारी बाहेरून बदलून आलेला तरुण माणूस होता. त्यानं मान वर केली. "आपण कोण? सदस्य आहात?"

"मी मतदार हाय."

"मतदान झालं ना? मग पाच वर्षांनी या. इथं फक्त बघायचं, बोलायचं नाही."

"माझी बायकू गटारीत पडून—"

"शिपाई!"

शिपायानं दंडाला धरलं. नाथाजींनी भाऊसोंकडे बघितलं. भाऊसो हसत हसत मुख्याधिकाऱ्याला म्हणाले, "सायेब, जरा दमानं घ्या. ह्या शहराला अनुमोदन ह्यांनीच तर दिलंय!"

सगळं सभागृह हसलं. अंकिताही पदराआड हसली. नाथाजींना जिन्यापर्यंत तो हशा ऐकू येत होता, आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज कुणाचा ते त्यांना कळत होतं.

त्या दिवसापासून गावानं त्यांचं नाव अनुमोदक ठेवलं. धनाजीचं चहाचं हॉटेल त्यांच्या घरासमोरच, गटारीच्या पलीकडे. तिथं भाऊसोंचा पुतण्या यशराज आपल्या टोळक्यासह संध्याकाळी बसायचा. एकदा नाथाजी चहाला आले तसा तो टेबलावर थाप मारून म्हणाला, "शांतता! ग्रामसभा चालू झाली. ऊटा अनुमोदक, इचारा प्रश्न!"

नाथाजींना कळायला हवं होतं. कळलंही. तरीही ते उठले. हात मागे बांधून, मान ताठ ठेवून त्यांनी विचारलं, "दारातल्या गटारीवर फरश्या कवा टाकणार?"

"एकमतानं मंजूर!" पोरं ओरडली. शिट्ट्या, टाळ्या. धनाजीनं चहाचे पैसे घेतले नाहीत.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की नाथाजी जाकीट घालायचे. बनुबाईला खाटेवरून सगळं ऐकू यायचं.

"आवं, नगा जाऊ. हसत्यात तुमाला."

"ठावं हाय."

"मग कशापायी जाताय?"

"उभं ऱ्हायलो की गप्प बसत्यात गं. बोलून हुईस्तवर ऐकत्यात." एवढं बोलून ते टोपी घालायचे. बनुबाई भिंतीकडे तोंड करून घ्यायची. तिला नवऱ्याची लाज वाटायची, आणि अशी लाज वाटते म्हणून रडूही यायचं.

पोरांना कुठलाही खेळ किती दिवस पुरणार? उन्हाळ्यात धनाजीनं हॉटेलात मोठा टीव्ही लावला आणि क्रिकेटचे सामने सुरू झाले. त्या संध्याकाळी नाथाजी जाकीट घालून आले, नेहमीच्या जागी बसले आणि वाट बघत राहिले. चहा आला, गार झाला. कुणी थाप मारली नाही, कुणी ऊटा म्हटलं नाही. यशराज पाठमोरा बसला होता.

शेवटी नाथाजी आपणहून उठले. त्यांनी हात वर केला.

"माझा एक प्रश्न हाय."

कुणी वळलं नाही. त्यांनी आवाज चढवला. "दारातल्या गटारीवर—"

"ओ, बसा की!" यशराज मागे न बघता खेकसला. "दिसंना झालंय फुडचं."

धनाजीनं येऊन त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि चहाचे दहा रुपये मागितले. नाथाजींनी खिशातून काढून दिले. गटारीपलीकडच्या खोलीत बनुबाई कान देऊन पडली होती. आज हशा का ऐकू येत नाही, हे तिला कळेना.