म्तोतो की वातोतो

मुहेझाच्या शाळेत पर्पेतुआबाईंनी एकतीस वर्षं स्वाहिली शिकवली. निवृत्त झाल्या तेव्हा वाटलं, सुटले. पण सुटका कसली? दुकानांच्या पाट्या वाचूनच त्यांचं डोकं उठायचं. स्वाहिलीत एकाचे अनेक करताना शब्दाचं शेपूट तसंच राहतं, तोंड तेवढं बदलतं. कीती म्हणजे एक खुर्ची, वीती म्हणजे अनेक. एवढं सोपं, तरी लोकांना येत नाही म्हणून बाई वैतागायच्या.

म्हातारा सेमहांडो वारला आणि त्याची संत्र्यांची बाग पुढे कुणी कसायची याचा कागद निघाला, त्यानंच पेन्सिलीनं लिहिलेला. थोरला एर्नेस्ती म्हणाला, "बाबांनी म्तोतो लिहिलंय. म्हणजे एकच मूल. थोरला मी, बाग माझी."

तिघी बहिणी रडकुंडीला आल्या. शेवटी त्यांच्या येरेमियाकाकांनी बाईंना बोलावलं. चारही भावंडं बाईंच्याच हाताखाली शिकलेली.

बाईंनी चष्मा पुसून कागद पाहिला. सगळी ओळ पेन्सिलीची, म्तोतोचा 'म' तेवढा पेनाचा.

"एर्नेस्ती, हा 'म' कुणी काढला?"

"पुसट झाला होता, बाई. मी नुसता गिरवला."

"बरं. पुढचं वाच."

"वातालिमा."

"म्हणजे कसेल की कसतील?"

"कसतील," एर्नेस्ती पुटपुटला.

"एकच मूल असतं तर तुझ्या बापानं आतालिमा लिहिलं असतं. इथं वातालिमा आहे, म्हणजे आधी वातोतोच होतं. मुलं. सगळी. नामाबरोबर क्रियापदाचंही तोंड बदलतं, हे चौथीत तुला तीनदा सांगितलं. तुझं लक्ष खिडकीबाहेर. आता लबाडीसुद्धा धड जमत नाही."

"म्हणजे बाग चौघांची?" काकांनी विचारलं.

"कागदच सांगतोय. तुम्हीही शाळेत गेला होतात ना, येरेमिया?"

बाग चौघांची झाली. एर्नेस्ती पाय आपटत निघून गेला आणि दोन महिने बाई दिसल्या की रस्ता बदलत राहिला. तोडणीच्या दिवशी मात्र आला आणि मुकाट्यानं शिडी लावून झाडावर चढला.

संध्याकाळी धाकटी बेआता टोपलीभर संत्री घेऊन बाईंच्या दारात उभी राहिली.

"बाई, तुमच्यामुळे मिळाली."

"माझ्यामुळे नाही. तुझ्या बापाला व्याकरण येत होतं म्हणून." बाईंनी टोपली घेतली, पण कपाळावरची आठी काही गेली नाही. "तो कागद तुम्ही तिघींनीही वाचला होता. एकीलाही वातालिमा दिसलं नाही?"